आखाजीला आलेला जावई

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यावं, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाण्यांतून सासू-नणंदांचा उद्धार करावा आणि चार दिवस मनसोक्त लोळावं, ही खान्देशची रीत. तिला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. पूनमचा भाऊ भूषणही धुळ्याजवळच्या गावाहून जळगावला गेला आणि हात हलवत परत आला. तिचा नवरा कुंदन म्हणाला होता, "मीच आणतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. मला हिच्याशिवाय राहवत नाही."

हे ऐकून गावातल्या पोरींनी उसासे सोडले. सोडतीलच! पूनमसकट सगळ्यांची अक्कल मोबाइलवरच्या प्रेमकथांवर पोसलेली. त्यांत नायक रागीट आणि संशयी, नायिकेने फक्त विरघळायचं. साखरपुड्यानंतर कुंदन "कोणाशी बोलत होतीस?" म्हणून खेकसायचा, तेही पूनम मैत्रिणींना कौतुकाने ऐकवायची. लग्नानंतर तिचं कॉलेज सुटलं, फोन त्याच्या खिशात गेला, शेजारणीशी बोललेलंही त्याला खपेना.

आज ती ठरवूनच आली होती, परत जायचं नाही.

तिची आई, यशोदाबाई, चुलीपुढे सांजोऱ्या तळत होती. पूनम तिला खेटून बसली. "माय, माले तठे परत नही जावानं."

आईचा झारा थांबला. "मारस का तो तुले?"

"नही."

"दारू पेस?"

"नही."

"मंग?"

 पूनमने मनात जुळवलेलं प्रत्येक वाक्य तिने वाचलेल्या कथांतलंच निघालं, आणि तिथे तर यालाच प्रेम म्हणत. दुसरा शब्द तिला कोणी शिकवलाच नव्हता. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "तो माले कोठे जाऊच देत नही."

यशोदाबाईचा जीव भांड्यात पडला. ती हसली. "जीव शे त्याना तुन्हावर, येडी!" आणि तिने गरम सांजोरी लेकीच्या हातावर ठेवली.

पूनम झोक्याकडे गेली. दहावीतल्या चुलत बहिणीने, ऋतिकाने, तिला हौसेने झुलवलं. तेवढ्यात कुंदनने येऊन दोर धरला. "बस झालं. सगळं गाव बघतंय. चल." पूनमने दोर सोडला नाही, तेव्हा त्याने तिचं मनगट पिरगळून तो सोडवला.

झोक्याभोवतीच्या पोरींनी ते पाहिलं. आता तरी कोणाला दिसेल, असं पूनमला वाटलं. तिने ऋतिकाकडे पाहिलं. ऋतिकाचे डोळे भरून आले होते.

"अक्का," ती म्हणाली, "माले बी असाच नवरा भेटाले पाहिजे."