एका घराची आळी

“हे इथं कुणी आणून ठेवलं?” लेस ओरडला, तेव्हा मला वाटलं, कुत्र्याने पुन्हा काही मेलेलं घरात आणलं. हातातला बटाटा तसाच धरून मी धावले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या खेळातलं गाव पसरलं होतं, आणि लाकडी घरांच्या ओळीत मधेच एक उंच काचेची इमारत उगवली होती.

“तूच ठेवलं असशील,” मी म्हटलं. “खेळ तूच खेळतोयस ना?”

“मी नुसते रस्ते आखतो, बेव्ह. घरं ते लोक आपली आपण बांधतात. जरा पैसा आला की लाकडाचं पाडलं आणि हे थोबाड उभं केलं!”

“म्हणजे आपल्या मेरीबरो गावासारखंच की.”

त्याला हसू आलं नाही. कारण माझ्या नवऱ्याने उभा जन्म लोकांची घरं उचलण्यात घालवला. खरोखरच उचलण्यात. इथली जुनी घरं लाकडाची, उंच खांबांवर उभी. जमीन विकली गेली की लेस घराखाली जॅक लावायचा, घर मधोमध कापून ट्रकवर चढवायचा आणि दुसऱ्या गावी नेऊन पुन्हा जोडायचा. मागे उरायचे खांबांचे खड्डे आणि फुटपाथवर रडणारी एखादी म्हातारी. अशा म्हाताऱ्यांसाठी तो खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचा. कामातून निवृत्त झाला तरी गोळ्या सुटल्या नाहीत.

आमचं घरही खांबांवरच. पुढच्या जिन्याने अलीकडे लेसच्या गुडघ्यांशी उघड वैर धरलं होतं. गेल्या रविवारी आमची रोंडा आली, तर तिचा बाप जिन्याकडे पाठ करून, बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकत होता.

“बाबा, हे काय चाललंय?”

“पायऱ्या तपासतोय. वाळवी लागली की काय कोण जाणे.”

“वाळवी पायऱ्यांना नाही, तुमच्या गुडघ्यांना लागलीय!” रोंडा माझ्यावर गेली आहे. तिने आमच्यासाठी तिच्या घराजवळच एक बैठं विटांचं घर बघून ठेवलं होतं. “शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. नाहीतर ते दुसऱ्याला देतील.”

“विटांचं?” लेस पायरीवरून म्हणाला. “जे उचलता येत नाही, ते घर कसलं? तो तर ढिगारा.”

“आई, तू तरी सांग ना.”

मी काय सांगणार? मलाही ते घर हवं होतं आणि हे सोडवत नव्हतं. ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढता-उतरताना माझाही श्वास फुलतो, पण ते मी कधी बोलले नाही. लेसने विषय संपला अशी मान हलवली आणि उरलेल्या पायऱ्या तपासायला लागला.

सोमवारी त्याला एक मॉड सापडला. मॉड म्हणजे खेळाला वरून जोडायची पुरवणी. हा पोलंडमधल्या कुणा बाईने फुकट वाटायला ठेवला होता. गावाचा एखादा भाग आखून घ्यायचा, त्याला नाव द्यायचं, आणि तिथे कुठल्या धाटणीची घरं उगवू द्यायची ते यादीतून ठरवायचं. लेसने भागाला ‘लाकडी आळी’ नाव दिलं आणि खांबांवरची घरं सोडून सगळ्यांवर काट मारली. यादी इतकी आवळली की प्लॉटच्या मापाची घरंच मिळेनात आणि निम्मी आळी ओसाड पडली.

“राज्य करणं सोपं नसतं, महाराज,” मी म्हटलं.

“तू बटाटे सोल.”

मंगळवारी त्याने आणखी लाकडी घरं शोधून यादीत भरली. आळी भरली. दिसत होती मात्र सुरेख. व्हरांडे, पत्र्याची लाल छपरं, पुढे जिने. मी नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, “तुझ्या गावात कुणी कपडे धूत नाही वाटतं? एक दोरी दिसेल तर शपथ!”

तो नुसता हुं म्हणाला. मग दोन दिवस मान वर केली नाही. शुक्रवारचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही, पण माझा जीव टांगणीला लागला होता.

गुरुवारी दुपारी मी कपडे वाळत घालून धापा टाकत वर आले.

“बेव्ह, जरा इकडं ये.”

आळीच्या टोकाला, लाकडी घरांच्या शेजारी, एक बुटकं विटांचं घर बसलं होतं.

“हे नजरेतून सुटलं वाटतं. पाड.”

“थांब! मुद्दाम ठेवलंय.” त्याने दाखवलं. त्या एकाच प्लॉटभोवती त्याने वेगळी हद्द आखली होती. “लाकडी आळीत परवानगी दिली असती तर सगळेच विटा घेऊन आले असते. म्हणून ह्याची आळीच वेगळी केली.”

“एका घराची आळी? राहतं कोण तिथं?”

“म्हातारा-म्हातारी. त्याचे गुडघे गेलेत. ती जरा तोंडाळ आहे.”

“पायऱ्या?”

“एकही नाही.”

मी वाकून पाहिलं. घरामागे कपड्यांची दोरी होती. तिच्यावर चादरीसुद्धा होत्या.

“खेळात नव्हती ती,” लेस म्हणाला. “फार शोधावी लागली.”

“आणि हे घर?” मी पायाखालची लाकडी जमीन चपलेने ठोकली. ती नेहमीसारखी पोकळ वाजली.

“जाईल कुठंतरी, टेकाडावर वगैरे. पोरंबाळं असलेलं कुणी घेईल. कुठं कापायचं ते मी सांगेन उचलायला येणाऱ्या लोकांना, नाहीतर तुझ्या स्वयंपाकघराची वाट लावतील.” मग पडद्यावरच्या त्या बुटक्या घराकडे बघत म्हणाला, “विटांचं एक बरं असतं. कुणी उचलून नेत नाही.”

त्याने खिशात हात घातला आणि माझ्याकडे न बघता पेपरमिंटची एक गोळी टेबलावर ठेवली.

मी काही रडत नव्हते. तरी ती तोंडात टाकली आणि रोंडाला फोन लावला.