आठवं पान

आईच्या शेवटच्या, आठ पानी कवितेच्या पुस्तिकेचं सातवं पान संपतं तेव्हा बैल नदीच्या मध्यावर उभा आहे, मागे गाडीत एक बाई बाळंतपणाच्या कळा सोसते आहे आणि पाणी बैलाच्या गळ्याला लागलं आहे. आठवं पान आईनं लिहिलंच नाही. त्याआधी तिच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी तिला जीपमध्ये घातलं आणि त्याच नदीच्या अलीकडे, पाणी उतरायची वाट बघत, चार तासांनी ती गेली. दवाखाना पलीकडे आहे.

चर्चमधली सातव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर मी रेसिफे शहरात, शिकवते त्या शाळेत परत जायला हवं होतं. गेले नाही. नदीवरच्या पुलाची मागणी नगरसभेपुढे यायला सोमवारपर्यंत सातशे सह्या लागत होत्या. आईनं तीनशे बारा जमवल्या होत्या. उरलेल्या ती या पुस्तिकेच्या जोरावर मिळवणार होती.

तिच्या पुस्तिका तीस वर्षं आनाक्लेतोकाकांनीच छापल्या. या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा बैल त्यांनी लाकडी ठशात कोरूनही ठेवला होता.

"शेवट शोधतेस कशाला, ग्लाउसी?" ते म्हणाले. "शेवट तुझ्याच घरी झालाय. आईला घाल त्या गाडीत. अख्खा बाजार रडेल."

"नाही."

"अगं, खरंच तर आहे ते!"

"काका, आईनं नदीला पाहुणी केलं, बैलाला बोलायला लावलं, पाणी माडाएवढं चढवलं. पण गेलेल्या माणसाचं नाव तिनं कधी कवितेत घातलं नाही."

"मग आठव्या पानावर छापू काय? माझं डोकं?"

"रेघा. बारा रेघा, सह्यांसाठी."

"कोरं पान विकणार? तू मास्तरीण म्हणून तुला सोडतील, मला बदडतील."

"बदडू देत. छापा."

शनिवारच्या बाजारात दोन खांबांना दोरी बांधून आम्ही पुस्तिका टांगल्या. रीत ठरलेली: गोष्ट मोठ्यानं म्हणायची, ऐन रंगात आली की थांबून कॉफी प्यायची. शेवट हवा असेल त्यानं पुस्तिका विकत घ्यायची. अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, ध्रुवपद ही नावं मी वर्गात फळ्यावर लिहिते. आईला त्यातलं एकही माहीत नव्हतं. ती फक्त लोकांच्या तोंडाकडे बघत म्हणायची.

मी सुरुवात केली ती कागदाकडे बघत.

"जोरात, मास्तरीणबाई!" बकऱ्या विकणारा गॉदेन्सियो ओरडला. "इथं हजेरी घ्यायची नाहीये!"

लोक हसले. मी कागद खाली केला. आईचं सगळं मला पाठ होतं.

"पाहुणी येते नदी दरसाल, बसते चुलीशी येऊन,
जाताना जाते घरातलं कोणी सोबतीला घेऊन.
बोला, पूल कुठाय?"

पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या कडव्याला गुळाच्या ढेपा विकणारी म्हातारी माझ्याबरोबर म्हणाली, "पूल कुठाय?" सहाव्याला दुकानांची सगळी रांग म्हणाली. दहाव्याला मी गप्प राहिले आणि त्यांनीच विचारलं. आईनं तो प्रश्न प्रत्येक कडव्याला का ठेवला होता ते मला तेव्हा उमगलं.

बैल पाण्यात उभा राहिला. मी थांबले आणि कॉफीचा पेला उचलला.

पुस्तिका भराभर गेल्या. मग पानं उलटण्याचा आवाज आणि त्यामागोमाग गॉदेन्सियो.

"अहो, शेवट कुठाय? ही तर लबाडी झाली! आनाक्लेतो, पैसे परत कर!"

काका माझ्या मागे सरकले.

"शेवट आईनं लिहिलेला नाही," मी म्हणाले. "बैल अजून नदीत आहे. त्याला बाहेर काढायचं असेल तर तिथं नाव लिहा, पान फाडा आणि या डब्यात टाका."

त्यानं पुस्तिका मिटून मुखपृष्ठावरचं आईचं नाव बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "दोना आदाल्जीझांना याच नदीनं अडवलं ना?"

"हो. चार तास."

मी डबा त्याच्यापुढे सरकवला.

"पेन आण," तो म्हणाला. त्यानं आपलं, बायकोचं, भावाचं नाव घातलं. "तो मिरेन माझ्या बकऱ्यांचा दर पाडतो, पण नदी त्यालाही आडवी येतेच," म्हणून समोरच्या दुकानदाराला त्यानं कॉलर धरून आणलं. गुळाच्या म्हातारीनं अंगठा उठवला. तिच्या नातीनं शेजारी नाव लिहिलं. दुपारी डब्याचं झाकण बसेना.

सोमवारी मी डबा नगरसभेच्या कारकूनबाईंच्या टेबलावर ठेवला. आईचे कागद धरून सातशे एकोणतीस. त्या ओळीवर बोट ठेवून मोजत गेल्या. मध्येच त्यांनी विचारलं, "मागेही सह्या आहेत का?" आणि पान उलटलं.

मागे सातवं पान होतं. फाडताना ते बरोबर येणार हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काकांच्या आलं असावं. त्या वाचत गेल्या तसे त्यांचे ओठ हलायला लागले. दुसरं पान उलटलं, तिथंही तेच. तिसरं उलटलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "बैलाचं पुढे काय झालं?"

"तेच विचारायला आलेय," मी म्हणाले. "शिक्का मारा."

त्यांनी शाईची डबी उघडली.