डाव्या हाताची फाइल

"हंड्रेड परसेंट आलंय, सर. एकतीसपैकी एकतीस फायली. लॉग बघा ना," श्रद्धा सबनीसने सहीचा फॉर्म पुढे सरकवला.

रंगनाथ धायगुड्यांनी फॉर्मकडे पाहिले नाही. नव्या संगणकाच्या कळफलकावर त्यांनी डावा हात ठेवला. तीन बोटांचा हात. करंगळी आणि अनामिका १९९१ साली हडपसरच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेल्या होत्या. चार वर्षांनी कारखानाच विकला गेला आणि पस्तिशी ओलांडलेले रंगनाथ संगणकाच्या वर्गात कॉलेजच्या मुलांशेजारी जाऊन बसले.

कळफलक दहा बोटांच्या माणसासाठी घडवलेला असतो. म्हणून अकरा वर्षे, जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून, त्यांनी एकेक फाइल लिहिली. डाव्या कडेच्या कळांचे काम कुठे अंगठ्याकडे वळवले, कुठे उजव्या हाताकडे. या खऱ्या फायली 'मूळ' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये राहत. संगणक त्या जिथे शोधायला जाई, तिथे नुसता दुवा: खरी फाइल अमुक ठिकाणी आहे, एवढेच सांगणारी पाटी. कंपनीने चारदा यंत्र बदलले. चारही वेळा 'मूळ' आणून त्यांनी एकतीस पाट्या लावल्या आणि पाच मिनिटांत परके यंत्र त्यांच्या हाताचे झाले.

२००७ साली कंपनीला प्रमाणपत्र हवे झाले. प्रमाणपत्राला एकरूपता हवी होती, एकरूपतेला समिती. समितीने ठरवले की सर्वांची यंत्रे सारखी असतील आणि सामान हलवण्याचे काम श्रद्धाचा संगणक विभाग करील. ज्याचे सामान, त्याने मध्ये पडायचे नाही.

"मॅडम, 'मूळ' कुठंय?"

"म्हणजे?"

"फोल्डर. तीन मेल पाठवल्या होत्या तुम्हाला."

"अहो, ते दुसऱ्या डिस्कवर होतं ना. ती लिस्टमध्येच नव्हती."

"म्हणूनच मेल. आणि यंत्रावर चिठ्ठी लावली होती. दुवे नकोत, मूळ न्या."

"ती काढावी लागली, सर. क्लीन डेस्क पॉलिसी. पण फेकली नाहीये हं!" तिने कागदांची फाइल उघडून दाखवली. चिठ्ठीला दोन भोके पाडलेली होती आणि कोपऱ्यात क्रमांक होता.

"जुनी डिस्क?"

"काल वाइप झाली, पूर्ण कोरी. त्याचंही सर्टिफिकेट आहे."

पाट्यांच्या या शहरात एवढे तरी ठाऊक असायला हवे होते, की पाटी उचलून नेल्याने घर हलत नाही. एकतीसही पाट्या नव्या यंत्रावर सुखरूप पोहोचल्या होत्या आणि रीतसर पाडून टाकलेल्या घराचा पत्ता इमानाने सांगत होत्या. पेनड्राइव्हला बंदी, सर्व्हरवर खासगी फायलींना मज्जाव. तेव्हा रंगनाथांनी दुसरी प्रत कुठे ठेवावी, हा प्रश्न धोरणाने आधीच निकालात काढला होता.

"पुन्हा बनवाल की तुम्ही! एक्स्पर्ट आहात," श्रद्धा म्हणाली. "पर्सनल सेटिंग आता अलाउड नाहीये तसं, पण मी अप्रूव्हलचं बघते. फक्त सोमवारपासून प्रत्येकाचा टायपिंग स्पीड मोजणार आहेत, तेवढं सांभाळा."

रंगनाथांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"प्रेसनं निदान आवाज केला होता."

तिने घड्याळ पाहिले. मग हळूच म्हणाली, "सर, सहा दहाची बस आहे. सही करता ना?"

फॉर्मवर आधीच छापलेले होते: स्थलांतर समाधानकारक.

"शेरा लिहायचाय."

"तो सिस्टीममध्ये टाकावा लागतो. तुम्ही सांगा, मी टाइप करते. पटकन होईल."

"नको. आपण थांबा."

पहिल्याच शब्दात डाव्या कडेचे अक्षर होते. उजवा हात अख्खा कळफलक ओलांडून आला, कळ दाबून परत गेला. दुसऱ्या शब्दात तसली तीन अक्षरे. एक चुकले, त्यांनी ते पुसून पुन्हा उमटवले. तीन मेलच्या तारखा त्यांना पाठ होत्या. चिठ्ठीचा क्रमांक त्यांनी फाइलमध्ये पाहून घातला.

खाली बसने दोनदा हॉर्न दिला. श्रद्धाने खिडकीकडे पाहिले, पण ती जागची हलली नाही. रंगनाथांचा उजवा हात सावकाश जात-येत राहिला, आणि डाव्या हातावर, जिथे करंगळी असायची तिथला खुंट, प्रत्येक अक्षराला जरासा हलत होता.