दाजी उभे तिथं

त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं छत्री स्वतः धुतली, आणि तिथंच मला खटकलं.

लग्न झाल्यापासून ती छत्री मीच धुते. आमचे हे सकाळी रेडिओवर रेसचे घोडे सांगतात. कोरड्या दिवसांत सांगणारे पुष्कळ आहेत, पण पाऊस पडला की लोक यांनाच ऐकतात. उजाडताच ट्रॅकवर जायचं, छत्री मिटायची आणि तिचं लोखंडी टोक गवतात दाबत दाबत पूर्ण फेरी मारायची. छत्री किती रुतली, चिखल कसा सुटला, यावरून आज रुंद खुरांचा घोडा चालेल की हलक्या पायाचा, ते ठरवायचं. मग घरी येऊन छत्री दारात टाकायची, ओले बूट माझ्या पुसलेल्या फरशीवर काढायचे आणि चहा मागायचा. इतक्या वर्षांत तो चिखल मलाही वाचता यायला लागलाय. टोकापुरता असला तर ट्रॅक नुसता ओला, वीतभर असला तर जड.

त्या सकाळी छत्री खिळ्याला टांगलेली होती, स्वच्छ, पाणी निथळत.

"आज सूर्य कुठून उगवलाय?" मी विचारलं.

हे हसले नाहीत. चहा अर्धा टाकून रेडिओवर निघून गेले.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आला. तो जॉकी आहे. वजन वाढेल म्हणून बिनसाखरेचा चहा पितो आणि वर तोंड वाकडं करतो. त्या दिवशी त्याला मोठ्या शर्यतीत घोडा मिळाला नव्हता, दुसऱ्या दोन लहान शर्यती होत्या. "घसरशील रे," मी म्हटलं.

"ओल्या ट्रॅकची मला नाही भीती, ताई. दाजी उभे तिथं घोडा घालायचा, बस."

हे त्याचं गुपित होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. आमच्या ह्यांना बूट भिजलेले अजिबात खपत नाहीत. त्यामुळे पावसात शर्यत बघायला हे कठड्याजवळ अशाच जागी उभे राहतात जिथं जमीन सगळ्यात पक्की असते. भावानं ते कधीच हेरलं होतं. वळणावर काळी छत्री दिसली की तो घोडा तिकडे वळवायचा आणि जिंकायचा. "दाजींना सांगू नकोस हं," तो म्हणायचा, "नाहीतर आणखी ताठून चालतील."

तो गेल्यावर मी छत्री वाळवायला उघडली. कापडाच्या घड्यांतून, अगदी मुठीजवळून, काळ्या चिखलाचा गोळा फरशीवर पडला.

मी रेडिओ लावला. यांचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता. "ट्रॅक जड आहे, पण सगळीकडे एकसारखा. मोठ्या शर्यतीत काळी घोडी बघा. ती बाहेरून धावते." मुठीपर्यंत छत्री गिळणाऱ्या जागेबद्दल चकार शब्द नव्हता.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी तो चिखल ताटाशेजारी ठेवला. यांनी ताट मागे सारलं.

"शेवटच्या वळणावर, आतल्या कठड्यापाशी," हे म्हणाले. "खालची मोरी फुटली असावी. माती वाहून गेलीय. वरून गवत हिरवंगार दिसतं."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"ट्रॅक तपासायला रेसवाल्यांची माणसं आहेत. त्यांची कामं मी करू? सांगितलं तर शर्यत रद्द करतील. बाहेरून येणारी एकटी काळी आहे. आतले घोडे तिथं रखडतील आणि ती सुटेल. एवढंच."

"रखडतील की पाय मोडतील?"

"मी खणलाय का तो खड्डा?"

आता यांचं दुखणं काय होतं, ते मला ठाऊक होतं. गेल्या पावसात यांचे घोडे ओळीनं हरले होते. दूधवालासुद्धा म्हणाला होता, "साहेब, छत्री बदला." तेव्हापासून यांना धड झोप नव्हती. मला कीवही येत होती आणि संतापही. मी तोंड उघडणार इतक्यात फोन वाजला.

"ताई, नशीब उघडलं!" भाऊ ओरडत होता. "तांबड्या घोड्याचा जॉकी तापानं आडवा झालाय. मोठ्या शर्यतीत मी बसतोय! जागापण अगदी आतली मिळालीय."

"ऐक, तू आतून नको जाऊस, त्या वळणावर..."

"चल, फोन जमा करायला सांगतायत." फोन बंद झाला. कपडे बदलायच्या खोलीत जॉकींकडून फोन काढून घेतात. मी पुन्हा पुन्हा लावला, पण उपयोग नव्हता.

फोनवरचं ऐकून हे ताटावरून उठले होते.

"आत्ताच्या आत्ता रेसवाल्यांना जाऊन सांगा," मी म्हटलं.

"ते विचारतील, सकाळी का नाही सांगितलं?"

"विचारू देत!"

"रेडिओवर पुन्हा उभंसुद्धा करणार नाहीत मला." यांनी छत्री उचलली. "मी त्या वळणावर जाऊन उभा राहतो. तो आला की हातानं खूण करून बाहेर काढतो. माझं ऐकतो तो."

माझ्या जिवात जीव आला. खरं सांगते, बाकीच्या घोड्यांवरही कुणाचे तरी भाऊ बसलेत हे मनात येऊन गेलं, आणि मी ते जाऊ दिलं. माझा भाऊ वाचत होता ना!

गल्ली ओलांडली की ट्रॅकचं मागचं फाटक. यांच्याकडे पास होता, हे आत गेले. मला पहारेकऱ्यानं अडवलं. मी कुंपणालगतच्या लाकडी ओंडक्यावर चढले. तिथून वळण समोर दिसत होतं. हे भराभर गवत तुडवत, ट्रॅक ओलांडून गेले आणि बरोबर त्या जागेशी आतल्या कठड्याला टेकून उभे राहिले. पावसाचा जोर वाढला होता. भावाला लांबून ओळखता यावं म्हणून असेल, यांनी छत्री उघडली.

काळी छत्री. वळणावर. कठड्यापाशी.

मी ओरडले, "अहो, सरका! तिथून निघा!" लाउडस्पीकर आणि पावसापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. पहारेकऱ्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "बाई, घोडे सुटले. आता मी कुणालाच सोडणार नाही."

घोडे वळणावर आले तेव्हा तांबडा आत नव्हताच. फोनवरचं माझं अर्धवट बोलणं भावाच्या डोक्यात राहिलं असावं. त्यानं घोडा चांगला बाहेर काढला होता, काळीच्या अगदी बरोबरीनं. क्षणभर मला वाटलं, वाचला, वाचला माझा बाळ.

मग यांनी एका हातानं छत्री आणि दुसऱ्या हातानं जिवाच्या आकांतानं खुणा केल्या. भावानं मान वर केली. त्यानं छत्री पाहिली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तो हसला असणार, मला माहीत आहे. त्यानं लगाम आत ओढला आणि तांबडा सरळ छत्रीकडे घातला.

घोड्याचे पुढचे पाय जमिनीत गेले आणि परत वर आले नाहीत. मागचे दोन घोडे त्याच्यावर आले.

काळी घोडी बाहेरून एकटीच निघून गेली. लाउडस्पीकरवर तिचा नंबर ऐकू आला. "तुमच्या साहेबांनी सांगितलेला घोडा आला की!" पहारेकरी म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून त्यानं फाटक उघडलं.

मी पोहोचले तेव्हा भावाला स्ट्रेचरवर घेतलं होतं. डॉक्टर त्याच्या तळपायाला टाचणी टोचत होता आणि भावाला त्याचा पत्ताच नव्हता, तो दुसरीकडेच बघत होता. पाऊस तोंडावर पडू नये म्हणून हे त्याच्या उशाशी छत्री धरून उभे होते, घोट्यापर्यंत चिखलात. भावानं मला ओळखलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. गणित कुठं चुकलं हे कळत नसलेल्या मुलासारखा तो म्हणाला,

"पण ताई, दाजी तर तिथंच उभे होते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी यांना ते गुपित सांगितलं.