सत्तेचाळीस नंबरचं घर

“दार बंद असलं, तर ‘दार बंद’ एवढंच लिहायचं. बंद दार हीसुद्धा माहितीच असते.”

सरांचा तो आवाज मॅडमच्या कानात एकतीस वर्षं मुक्कामाला होता. तेव्हा त्या मॅडम नव्हत्या. खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली, अर्थशास्त्र विभागातली सगळ्यांत घाबरट विद्यार्थिनी होत्या. सर फळ्यापाशी उभे राहून बजावायचे: तीनदा जा, तीन वेगळ्या वेळी जा, आणि नाहीच कुणी भेटलं तर दोन शब्द लिहून मुकाट्याने परत या. मनाने एक फॉर्म जरी भरलात, तर तुमचा अख्खा गठ्ठा बाद.

पाहणीसाठी चारशे घरं होती. घरातल्या बाईचा दिवस कशात जातो, एवढंच विचारायचं होतं. शेवटच्या दिवशी सत्तेचाळीस नंबरच्या घरापुढे त्या तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या, आणि कुलूप तिसऱ्यांदा त्यांच्याकडे बघत राहिलं. गठ्ठ्यात आधीच पाच ‘दार बंद’ झाले होते. सर म्हणतील, पोरगी घरून निघालीच नाही. त्या पायरीवर टेकल्या, पेन उघडलं आणि हात आपला आपण चालू लागला. पहाटे चारला उठते. नळावरून पाण्याच्या सहा खेपा. ‘दिवसाचा क्रम, तिच्याच शब्दांत’ असा एक रकाना होता. तिथे त्यांनी लिहिलं: आधी पाणी, मग चूल, मग जागं होतं मूल.

आई रोज पहाटे हेच पुटपुटत घागर उचलायची.

पुढे विभागाने तो अहवाल नगरपालिकेपुढे ठेवला. चारशे घरांच्या सरासऱ्या ऐकता ऐकता सभासदांना जांभया आल्या. मग सरांनी सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म वाचला. सभागृहात चष्मे उतरले, कुणीतरी घसा साफ केला. दोन महिन्यांत त्या वस्तीतलं पहाटे चारचं पाणी सकाळी सातला येऊ लागलं. तेव्हापासून नव्या वर्गाचा पहिला तास त्याच फॉर्मने सुरू व्हायचा. सर निवृत्त झाले, मॅडम विभागप्रमुख झाल्या, आणि वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या सपाट आवाजात वाचायच्या आणि वाचून झालं की ग्लासभर पाणी प्यायच्या.

एकदा आईने विचारलं होतं, “तुझ्या त्या कॉलेजात शिकवतात तरी काय?”

“बायका दिवसभर काय करतात, ते.”

“अगं बाई. त्यात शिकवायचं काय?” म्हणून आई पदराआड हसत सुटली होती. आता आई नव्हती. सांगायचं होतं ते तिलाही सांगायचं राहून गेलं.

या वर्षी विभागाने तीच चारशे घरं पुन्हा गाठायची ठरवली. त्यांतली सत्तेचाळीस नंबरची गल्ली जिच्या वाट्याला आली, तिला सगळे कासव म्हणत. संसारातून दहा वर्षांनी परत शिकायला आलेली, पोराला शाळेत सोडून मग विभागात येणारी बाई. इतरांच्या दहा घरांत तिची चार व्हायची, पण त्या चारांत खाडाखोड नसायची. सहा महिन्यांत तिने गल्ली पुरी केली होती. त्या गल्लीवरच तिचा प्रबंध उभा राहायचा होता.

आज आढावा होता. सल्लागार म्हणून सर आले होते. त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली, थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि विचारलं, “काय गं कासवा, पोचलीस का?”

“पोचले सर, पण एका घरापाशी अडले.” कासवाने नकाशा पसरला. “सत्तेचाळीस. शेजारच्या आजी म्हणतात, तिथे कधी कुणी राहतच नव्हतं. घड्याळवाल्याचं गोदाम होतं. मी तिघांना विचारलं. त्यातला तो घड्याळवाला तर म्हणाला, बाई, चूल पेटली असती तर माझी घड्याळं उरली असती का?”

सर हसले, पण झाकण ओठांपर्यंत गेलं नाही. “तो फॉर्म मला तोंडपाठ आहे. माझ्या मुलांना तोंडपाठ आहे. ती बाई तिथे राहत होती. तुझाच पत्ता चुकला असेल.”

“तसंच असणार.” कासवाने नकाशातल्या वळणावर बोट ठेवलं. “वळणावरून मोजताना चुकले असेन. मग पुढची सगळीच घरं एकाने सरकली असतील.”

“मग गल्ली बाद करावी लागेल,” सर हळूच म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं. “पुन्हा पहिल्यापासून. वर्ष जाईल तुझं, पण नियम तो नियम.”

कासवाने मान हलवली आणि नकाशाची घडी घालायला घेतली. एक घडी, दुसरी घडी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मॅडम तिच्या बोटांकडे बघत होत्या. आईही धुतलेल्या चादरीची घडी अशीच घालायची. कुणी दमलीस का म्हणून विचारलं नाही, तर सांगायचीही नाही.

त्यांनी समोरचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“घडी उलगड गं,” त्या म्हणाल्या. “तुझा पत्ता बरोबर आहे.”

“तुला काय माहीत?” सरांनी विचारलं. एकतीस वर्षांपूर्वी विचारायचे तसंच, भुवई वर करून.

मॅडम उठल्या. कपाटातून आपला जुना गठ्ठा काढून त्यांनी सरांपुढे ठेवला. सुतळीची गाठ त्यांच्याच हातची होती.

“बाद करायचा तर हा करा, सर. दार बंद होतं. तिन्ही वेळा. पायरीवर बसून मी माझी आई लिहिली.”