माझ्याखाली झाकलेले पाऊल

मी एक जुने लोखंडी घमेले आहे. माझी कड चेपली आहे आणि तळ गंजून जाळीदार झाला आहे. मला पाहून आता कुणी थांबत नाही. पण मित्रांनो, ऊन कलले की मला पेंग येते, आणि पिंपरीच्या माळावरची एक सकाळ स्वप्नासारखी पुन्हा दिसू लागते.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे होती. माळावर कारखान्याच्या भिंती उठत होत्या. बीडकडून आलेला ज्योतीराम मला डोक्यावर घेऊन वाळू वाहायचा. तो हलक्या आवाजात भजन म्हणायचा आणि ते माझ्या पत्र्यात घुमत राहायचे.

त्या सकाळी दाट धुके होते. कोठाराचे कुलूप तुटले होते आणि आतली तांब्याची तार गेली होती. कुंपणाजवळच्या ओल्या मातीत एक अनवाणी पाऊल उमटले होते. ते प्रथम दिसले सोनबाला. तो कारखान्याचा पहारेकरी, पिंपरीचाच शेतकरी.

त्याने पहारेकऱ्यांचे जमादार दौलतराव यांना बोलावले. दौलतराव दुरूनच म्हणाले, "सोनबा, हात लावू नकोस. कुणाला जवळ येऊ देऊ नकोस. उन्हानं माती तडकेल, झाकून ठेव. मी पोलिसांना घेऊन येतो."

सोनबाने मला उचलले, लांब जाऊन माझ्यातली वाळू झटकली आणि पावलाला जराही धक्का न लावता मला त्यावर उपडे ठेवले. भोवती काठ्या रोवून सुतळी बांधली. माझ्या पोटात अंधार होता, ओल्या मातीचा वास होता आणि कुणाचे तरी पाऊल निजले होते. बाहेरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. "काल संध्याकाळी ज्योतीराम इथंच घुटमळत होता," मुकादम रंगराव कुणाला तरी सांगत होते.

दुपारी ज्योतीराम सोनबापाशी आला.

"काका, पुसून टाका ते. सगळे माझंच म्हणतायत."

"तुजं हाय का?"

"नाही."

"मग पुसलं तर तुजं न्हाई हे कोण सांगंल?"

"आणि माझ्यासारखंच निघालं तर?"

दोघे रोज एकत्र भाकरी खायचे.

"तू चोर न्हाईस आसं मला वाटतं," सोनबा म्हणाला. "पर माज्या वाटण्यानं काय व्हतंय? मी हात लावणार न्हाई, बाबा. कुणाला लावूबी देणार न्हाई."

ज्योतीराम सुतळीपलीकडे मांडी घालून बसला. सावल्या सरकत गेल्या. दोघांचे श्वास मला ऐकू येत होते.

उन्हे कलताना हवालदार आले. त्यांनी मला अलगद उचलले. पाऊल जसेच्या तसे होते. सोनबा पुढे झाला. "साहेब, टाचेची ही कड माज्या वहाणेनं मोडलीया. मला दिसायच्या आधी." हवालदारांनी तेही लिहून घेतले. मग त्यांनी ज्योतीरामला शेजारच्या मातीत पाय ठेवायला सांगितले. त्याचे पाऊल आखूड आणि पसरट होते. माझ्याखालचे लांबट होते आणि त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

रंगरावांनी मान खाली घातली. ज्योतीराम सोनबाच्या खांद्यावर डोके ठेवून उभा राहिला.

पुढे त्या करंगळीवरून चोर सापडला. तो वाळूच्या गाडीवरचा माणूस निघाला. काही दिवस लोक माझेही कौतुक करत होते. मग भिंती पूर्ण झाल्या आणि मी अडगळीत गेले.

मित्रांनो, कुठे काही वाईट घडलेले दिसले, तर तिथले काही उचलू नका, पुसू नका, कुणाच्या मायेपोटीही नाही. चुकून हात लागला, तर तसे सांगा. हवालदार येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्योतीरामने मला वाळूने भरून डोक्यावर घेतले. तो भजन म्हणत नव्हता. पण त्याची मान ताठ होती, आणि माझ्यातली वाळू जराही हलत नव्हती.