अल्पशा आजाराने

शनिवारी दुपारी मोझेल टार्व्हर स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसली होती. शेजारी कागद होता. उद्या चर्चमध्ये स्मरणाचा रविवार, आणि गेलेल्यांची नावं वाचायचा मान गेली सव्वीस वर्षं तिचाच. अलाबामातल्या त्या गावात कुणी गेलं की मृत्युलेखही तीच लिही. तरणी बाई गेली असेल तर शब्द ठरलेले, ‘अल्पशा आजाराने’. अशा अकरा बायका तिने या दोन शब्दांखाली झाकल्या होत्या. त्यातली एक तिची पोटची लेक, व्हर्लीन.

भावाची मुलगी रेनिटा आत आली. मासे साफ करायच्या कारखान्यातून ती थेट दवाखान्यात गेली होती.

“दिलं नाही गं आत्या औषध.”

“कसलं औषध?”

“एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं. रोज एक गोळी. डॉक्टर म्हणाला, तू लग्नाची बाई, तुला कशाला? माँटगोमेरीला देतात म्हणे, पण तिथवर जाऊ कशानं? ट्रक तर नवरा घेऊन गेलाय.”

“बरंच झालं! नवऱ्याला कळलं तर काय म्हणेल? असली औषधं चांगल्या घरच्या बायका घेत नाहीत.”

“त्याची मोबील शहरातली बाई साऱ्या गावाला ठाऊक आहे. तू कधी विचारलंस त्याला, चांगल्या घरचा आहेस का म्हणून?”

“मग सोड त्याला.”

“सोडायचं की नाही ते माझं मी बघेन. तोवर मरू का?” रेनिटाचा आवाज चिरकला. “आत्या, व्हर्लीन कशानं गेली?”

“न्यूमोनियानं.”

“आणि न्यूमोनिया कशानं झाला?”

मोझेल शेंगा मोडत राहिली. घरातली गोष्ट घरात, हे तिला आईने शिकवलं होतं आणि तिने लेकीला. लेक इतकं छान शिकली, की अंगात ताप घेऊन आठ महिने गप्प बसली. रेनिटा दार आपटून निघून गेली. टोपलीत शेंगांऐवजी देठ पडत होते, हे मोझेलला उशिरा दिसलं.

रविवारी पांढऱ्या पोशाखात, पांढरी टोपी घालून, चर्चमधल्या वडीलधाऱ्या ‘मदर’च्या मानाने ती उभी राहिली. एकेक नाव झालं की वेदीपाशी एक फूल ठेवलं जाई. व्हर्लीनचं नाव आलं आणि मोझेल थांबली.

“ही माझी लेक. मी लिहिलं होतं, अल्पशा आजाराने. खोटं लिहिलं मी. तिला एचआयव्ही होता. तो नवऱ्याकडून आला. तो टाळायचं औषध तेव्हाही निघालेलं होतं, पण तिला कुणी सांगितलं नाही. काल माझी भाची तेच मागायला गेली, तर डॉक्टरनं हाकललं, आणि मीही...”

पास्टरने ऑर्गनकडे हात केला. ऑर्गन वाजवणारी टॅव्हिया, बावीस वर्षांची, नुकती लग्न झालेली. तिने मान खाली घालून जोरात भजन सुरू केलं. मोझेलने त्यावरून आवाज चढवला.

“उद्या आठला मी माँटगोमेरीला निघणार! गाडीत चौघींना जागा आहे. इथल्याच अंगणात उभी राहीन!”

बाहेर पडताना कुणी तिचा हात हातात घेतला नाही. एकीने तर मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, “मेलेल्या पोरीची अब्रू घालवली हो आईनंच!” तो शब्द मोझेलला फार लागला. गावाची अब्रू राखायला अकरा पोरी पुरल्या, तेव्हा मात्र कुणाला काही लागलं नव्हतं.

सोमवारी रेनिटा पुढच्या सीटवर येऊन बसली. आठ वाजले. साडेआठ झाले. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

“चल आत्या. कुणी यायचं नाही.”

मोझेलने गाडी काढली. चर्च दिसेनासं होतं त्या वळणावर, डोक्यावर रुमाल ओढून, टॅव्हिया उभी होती. गाडी थांबताच ती झटकन मागे शिरली.

“अंगणात यायचा धीर नाही झाला, मदर टार्व्हर.”

“काल तर माझा आवाज बुडवत होतीस की गं!”

“वाजवत होते,” टॅव्हिया म्हणाली, “पण ऐकतही होते.” मग तिने खिडकीची काच खाली केली. “पुढच्या वळणावर जरा थांबाल? तिथं आणखी दोघी आहेत.”